मच्छीमार धक्क्याचं तैलचित्र : पाण्याची पातळी, होड्या, प्रतिबिंबं आणि रंगांचे थर

जवसतेल

बंदराच्या चित्रांबद्दल बोलताना शिडं, जाळी, सोनेरी प्रकाश यांवरच भर असतो. पण मच्छीमार धक्क्याचं चित्र बहुतेक वेळा बिघडतं ते पाण्याच्या पातळीवर. पाणी आडवं, सपाट बसलं नाही की होड्या अधांतरी लटकतात, धक्का कलतो, आणि मग जाळी कितीही देखणी काढली तरी चित्र सावरत नाही. म्हणून सुरुवात तिथूनच करू. ६० × ९० सेंमीचा कॅनव्हास, धक्क्यावर उभं राहून दिसणारं दृश्य, समोर पाच-सहा होड्या आणि पलीकडचा धक्का, त्यामागे घरं आणि टेकडी, असं धरून लिहितो.

धक्का पाण्यापासून ३ मीटर उंच आणि डोळा धक्क्यापासून दीड मीटर, म्हणजे डोळा पाण्यापासून साडेचार मीटरवर. क्षितिजरेषा कायम डोळ्याच्या पातळीला असते. त्यामुळे पाण्यापासून साडेचार मीटर उंच असलेली कुठलीही गोष्ट, जवळची असो वा लांबची, क्षितिजरेषेलाच टेकते. ९ मीटरची डोलकाठी असेल तर क्षितिजरेषा तिला बरोबर मधोमध कापते, मग होडी हाताच्या अंतरावर असो की खाडीच्या तोंडाशी. होडीचा काठ पाण्यावर १ मीटर असेल, तर होडी जिथे पाण्याला टेकते तिथपासून क्षितिजापर्यंतच्या अंतराच्या एक चतुर्थांशाहून थोड्या कमी उंचीवर तो काठ येईल. एवढं गणित कच्च्या रेखाटनातच प्रत्येक होडीला लावून पाहा. एखादी होडी खटकत असेल तर ती नव्वद टक्के इथेच पकडली जाते.

माणसांचंही तसंच. आपल्याच धक्क्यावर उभ्या असलेल्यांची डोकी साधारण क्षितिजरेषेवर येतात, लांबची काय नि जवळची काय, फक्त पाय वर-खाली होतात. खाली वाळूवर किंवा होडीत उभी असलेली माणसं मात्र पूर्ण क्षितिजाखाली राहतात.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. ओहोटीला पाणी २ मीटर उतरलं की डोळा पाण्यापासून साडेसहा मीटरवर जातो आणि वरची सगळी प्रमाणं बदलतात. होड्यांच्या आतला भाग जास्त दिसू लागतो, पाण्याचा पट्टा अधिक उभा वाटतो. म्हणून सकाळच्या भरतीच्या फोटोतली होडी दुपारच्या ओहोटीच्या दृश्यात आणून बसवली की ती कधीच बसत नाही. रंग जुळवता येतो, पातळी जुळत नाही.

नाळ_सुकाणू

उत्तम सुरुवात. होडीच्या रेखाटनाबद्दल भर घालतो.

होडी थेट बाह्यरेषेने काढायला गेलं की केळ्याचा आकार होतो. आधी यथार्थदर्शनात (म्हणजे लांबचं लहान, जवळचं मोठं दिसतं तसं) लांबट खोका काढा. वरच्या पृष्ठाचे कर्ण छेदून मध्य काढा, त्यातून लांबीच्या दिशेने मध्यरेषा न्या. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, या मध्यरेषेच्या पुढच्या टोकावर, मागची फळी मागच्या टोकावर. मागची फळी खोक्याइतकी रुंद नसते, तिला दोन्हीकडून आत घ्या. सर्वांत जास्त रुंदी मधोमध किंवा किंचित मागे. मग काठाची वक्ररेषा: नाळेशी सर्वांत उंच, मध्याच्या थोडं मागे सर्वांत खाली, पिछाडीला पुन्हा जरा वर. तिरकस कोनातून पाहताना जवळचा काठ आणि लांबचा काठ यांचे बाक वेगवेगळे दिसतात, आणि नाळेपाशी दोन्ही रेषा एकमेकींना ओलांडल्यासारख्या भासतात. आडव्या ८ च्या आकड्याचा आधार घेऊन काठ काढण्याची पद्धत आहे ती यामुळेच. पण ८ आकडा हा मदतनीस, खोका तपासनीस. नुसत्या आठावर काढलेल्या होड्या देखण्या दिसतात आणि पाण्यात चुकीच्या दिशेला तोंड करून बसतात.

नांगरावर टाकलेल्या होड्यांच्या नाळा एकाच बाजूला हव्यात. नाळेकडून नांगरलेली होडी वारा किंवा प्रवाह यांच्याकडे तोंड करते, त्यामुळे रचनेसाठी म्हणून एक होडी उलटी वळवली की समुद्र ओळखणाऱ्याला ते लगेच दिसतं. धक्क्याला दोन्हीकडून बांधलेल्या होड्यांना हा नियम नाही. रचनेत दिशा बदलायचीच असेल तर ती बांधलेल्या होडीत बदला.

ओहोटीत चिखलावर बसलेल्या होड्या एका कुशीवर कलतात आणि प्रत्येकीचा कल वेगळा असतो. अशा होडीचा खोकाच आधी कलता काढायचा. सरळ होडी काढून डोलकाठी तेवढी तिरकी करू नका.

सायंछाया

प्रश्न आहे. होडीचं रेखाटन बरोबर असूनही ती पाण्यावर ठेवल्यासारखी, चिकटवल्यासारखी दिसते. पाण्यात बसलेली वाटत नाही. शिवाय प्रतिबिंब म्हणजे वरचं चित्र उलटं करून काढायचं, एवढं पुरेसं आहे का?

खारवारा

सायंछाया, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. नाही, पुरेसं नाही. धक्क्याच्या चित्रात तर अजिबात नाही.

पाण्यातलं प्रतिबिंब म्हणजे पाण्याच्या पातळीखाली तितक्याच खोलीवरून वर बघणाऱ्या डोळ्याला जे दिसेल ते. आपण वरून होडीच्या आत बघतो, प्रतिबिंबात मात्र तिचं पोट दिसतं. जेट्टीच्या फळ्यांचा वरचा भाग आपल्याला दिसतो, पाण्यात त्याच फळ्यांची खालची बाजू आणि आडव्या तुळया दिसतात. म्हणून फोटो उलटा करून छापल्यासारखं प्रतिबिंब नेहमी खोटं वाटतं.

काढण्याची रीत अशी. वस्तूच्या टोकापासून सरळ खाली, वस्तू जिथे उभी आहे त्याच जागी पाण्याची पातळी कुठे येईल ते ठरवा. तिथून तेवढंच अंतर खाली मोजा. वस्तू पाण्यातच उभी असेल तर सोपं आहे. ती काठापासून मागे असेल तर गंमत होते. समजा पलीकडचा धक्का ४० मीटरवर आहे, ३ मीटर उंच. त्याच्या कडेपासून २० मीटर मागे एक घर, छप्पर पाण्यापासून ६ मीटरवर. साडेचार मीटरवरच्या डोळ्याला घर धक्क्याच्या वर स्वच्छ दिसतं. पण प्रतिबिंबात त्याचं छप्परसुद्धा येत नाही, धक्क्याच्या भिंतीचं प्रतिबिंब ते पूर्ण झाकून टाकतं. तिथे फक्त भिंत आणि तिच्याखाली थेट आकाश, किंवा पुरेशी उंच असेल तर टेकडी. घरांची रांग पाण्यात इमानेइतबारे उतरवलेली चित्रं इथेच फसतात.

कललेल्या डोलकाठीचं: डावीकडे कललेली असेल तर प्रतिबिंबही डावीकडेच कलतं. आपल्याकडे झुकलेली असेल तर प्रतिबिंब लांब होतं, पलीकडे झुकलेली असेल तर आखूड.

आता छटा, म्हणजे उजळ-गडदपणा. पाणी सगळीकडे सारखं परावर्तित करत नाही. सरळ वरून खाली पाहिलं तर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम २ टक्के परत येतो. नजर पृष्ठभागाशी ३० अंशांचा कोन करत असेल तर सुमारे ६ टक्के, १० अंशांवर सुमारे ३५ टक्के. आपल्या साडेचार मीटरच्या डोळ्याला ८ मीटरवरचं पाणी ३० अंशांत दिसतं आणि २५ मीटरवरचं १० अंशांत. म्हणजे चित्राच्या खालच्या भागात पाण्याचा स्वतःचा रंग, गढूळपणा, तळ दिसायला हवा. वर सरकत जाल तसं आकाश त्यावर चढत जातं. खालपासून वरपर्यंत एकच निळा फासला की पाणी भिंतीसारखं उभं राहतं.

पांढऱ्या होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा थोडं गडद, काळ्या होडीचं थोडं उजळ. दोन्ही मधल्या छटेकडे सरकतात. बारीक लाटा असतील तर प्रतिबिंब उभ्या दिशेने ताणलं जातं, रुंदी फारशी वाढत नाही. तुकडे करायचेच तर आडव्या फटकाऱ्यांनी करा, पण एकूण पट्टा उभा राहू द्या.

सावली ही वेगळी गोष्ट. ती सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते, प्रतिबिंब सरळ आपल्याकडे येतं. स्वच्छ पाण्यावर सावली जवळजवळ दिसत नाही, गढूळ पाण्यावर स्पष्ट दिसते. बंदराचं पाणी बहुधा गढूळच, म्हणून तिथे दोन्ही एकाच वेळी दाखवावी लागतात.

नाळ_सुकाणू

चिकटवल्यासारखी होडी, याचं कारण बहुतेक वेळा होडी आणि पाणी यांच्यातली एकसारखी, तीक्ष्ण रेषा असते. पाण्याला टेकणारी कड जवळून बघा. सगळ्यात खाली ओला, गडद पट्टा, त्यावर शेवाळाची हिरवट छटा, त्यावर कोरडा रंग. पाण्याची रेषा कधी गडद, कधी प्रतिबिंबात विरून गेलेली, एखाद्या ठिकाणी आकाशाची उजळ फट. ओल्या रंगातच कोरड्या ब्रशने ती कड दोन-तीन जागी मोडा. विशेषतः सावलीच्या बाजूला होडी आणि तिचं प्रतिबिंब एकच गडद आकार होऊ द्या. आणि प्रतिबिंब होडीलाच लागून सुरू झालं पाहिजे. मध्ये पाण्याची पट्टी राहिली की होडी उडाली.

करडाकोन

आता रंग आणि छटांबद्दल. जवसतेल यांच्या मांडणीनंतर दुसरी कसोटी हीच आहे, असं माझं ठाम मत आहे.

८ × १२ सेंमीची तीन-चार छोटी रेखाटनं करा, मोठ्या कॅनव्हासच्याच प्रमाणात, फक्त तीन छटांत: गडद, मध्यम, उजळ. धक्क्यावर इतक्या वस्तू असतात की त्यांचे तीन-चार मोठे गट केल्याशिवाय चित्र उभं राहत नाही. होड्या, खांब आणि सावली मिळून एक सलग गडद आकार. पाणी आणि आकाश मिळून उजळ. धक्का, वाळू, टेकडी मध्यम. गडद आकार एका कडेपासून सुरू होऊन आत शिरला तर उत्तम. सुटे सुटे गडद ठिपके राहिले तर नजर कुठेच थांबत नाही.

फ्रेंच चित्रकार मोनेने १८७२ मध्ये ल आव्र बंदराचं जे सूर्योदयाचं चित्र काढलं, त्यातला नारिंगी सूर्य कृष्णधवल फोटोत जवळजवळ गायब होतो. त्याची छटा आजूबाजूच्या करड्या आकाशाइतकीच आहे; तो उठतो तो फक्त रंगाच्या उष्णतेने. तुमच्या चित्राचा मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा, काय उजेडाने उठतंय आणि काय रंगाने, ते कळतं.

मासळीबाजाराचा किनारा कसा बांधावा हे पाहायचं तर स्टॅनहोप फोर्ब्सचं १८८५ मधलं इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या मासळी विक्रीचं चित्र पाहा. ढगाळ उजेड, ओली वाळू, पुढे वाळूवर पडलेली मासळी, मागे होड्या. सगळं करड्या छटांच्या फार अरुंद पट्ट्यात आहे आणि तरी प्रत्येक थर वेगळा कळतो. चपट्या ब्रशचे चौकोनी फटकारे वाळूवर कसे आडवे पडलेत तेही बघण्यासारखं आहे.

पॅलेट लहान ठेवा. टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, एखादा थंड पिवळा, बर्न्ट सिएना, क्विनाक्रिडोन लाल, अल्ट्रामरीन, व्हिरिडियन. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणातून बंदराचे बहुतेक करडे निघतात: निळा जास्त तर लांबची टेकडी, सिएना जास्त तर ओलं लाकूड. चिखलाला त्यात ऑकर, खांबांवरच्या शेवाळाला व्हिरिडियन आणि सिएना. मूळ अलिझरिन क्रिमझन उजेडात फिकट होतो, त्याऐवजी क्विनाक्रिडोन घ्या. होड्या प्रत्यक्षात लाल, निळ्या, पिवळ्या असतात. पण पूर्ण जोराचा रंग एकाच होडीला द्या आणि बाकीच्यांत थोडा थोडा करडा मिसळा. लाल होडीची सावली काळ्याने करू नका. क्विनाक्रिडोन, सिएना आणि चिमूटभर अल्ट्रामरीन, बस.

पॅलेटनाइफ

जाळी, दोर, मासळी.

जाळ्याचा ढीग म्हणजे आधी एक गोळा. प्रकाशाची बाजू, सावलीची बाजू, जमिनीवरची सावली, तीन छटांत भरून घ्या. तो थर अर्धवट वाळला की जाडसर केसांचा, जवळजवळ कोरडा ब्रश हलक्या हाताने फिरवा; कॅनव्हासच्या विणीमुळे जाळीचा भास आपोआप येतो. ओल्या रंगात ब्रशच्या मागच्या टोकाने चार-सहा वळणदार रेघा ओरखडा, तेवढ्या पुरतात. चौकटी कुठेही मोजून काढू नका. फक्त कडेला, जिथे जाळं वाळूवर पसरतं, तिथे दोन-चार खऱ्या चौकटी दाखवल्या की डोळा बाकीचं जाळं स्वतः विणतो. तरंगणारे गोळे समान अंतरावर ठेवले की माळ होते. त्यांचे गट करा, काही अर्धे झाका.

दोर आणि डोलकाठीचे ताण (तिला धरून ठेवणारे दोर) सगळ्यात शेवटी, खालचा थर पूर्ण वाळल्यावर. १ किंवा २ नंबरचा लांब केसांचा रिगर ब्रश, रंग शाईसारखा वाहता, हाताखाली आधाराची काठी, आणि हालचाल खांद्यातून. सैल दोराला झोक असतो, सर्वांत खालचा बिंदू दोन्ही टोकं समान उंचीवर असतील तरच मध्यावर येतो. होडी धक्क्यापेक्षा खाली असेल तर झोक होडीच्या बाजूला सरकतो. एकच दोर आकाशासमोर गडद आणि काळ्या होडीसमोर उजळ दिसतो, तिथे रंग बदला. सगळे दोर काढू नका. रंग पातळ करताना नुसतं टर्पेंटाइन घातलं तर तेल कमी पडून रेघ पुढे पुसली जाते, थोडं माध्यम (रंगात घालायचं तेलाचं मिश्रण) मिसळा.

मासळीची टोपली: सगळी मासळी मध्यम करड्यात, पाठीकडे निळसर-हिरवी, पोटाकडे ऑकरची झाक. चमक म्हणून शुद्ध पांढऱ्याचे जास्तीत जास्त पाच-सहा फटकारे, तेही प्रकाशाच्या बाजूला. चमक आजूबाजूच्या करड्यामुळे दिसते. सगळेच मासे उजळ केले तर टोपलीत कागद भरल्यासारखे वाटतात.

सायंछाया

फार उपयोगी. थरांचा क्रम आणि वाळण्याचा वेळ कोणी सांगेल का? काही ठिकाणी रंग वाळल्यावर मळकट, निस्तेज होतो, विशेषतः गडद भागात.

जवसतेल

पांढऱ्या कॅनव्हासवर आधी बर्न्ट सिएना टर्पेंटाइनमध्ये पातळ करून फासा आणि फडक्याने पुसून घ्या. नंतर पाण्याच्या निळ्या-करड्यातून तो मधूनमधून डोकावला की पाण्याला ऊब येते. रेखाटन आणि गडद गट बर्न्ट अंबरने, पुन्हा फक्त टर्पेंटाइन. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो, तळाला तोच योग्य. आयव्हरी ब्लॅक तळाला जाड वापरू नका, तो सावकाश वाळतो आणि वरचा थर तडकतो.

दुसरा थर ट्यूबमधल्या रंगाचा, जवळजवळ जसाच्या तसा: आकाश, लांबची टेकडी, मग पाणी, मग धक्का, शेवटी होड्या. आकाश आणि पाणी एकाच बैठकीत करा, म्हणजे पॅलेटवरचं तेच मिश्रण दोन्हीकडे जातं. तिसऱ्या थरात माध्यम: एक भाग स्टँड ऑइल (तापवून दाट केलेलं जवसाचं तेल), दोन भाग टर्पेंटाइन. प्रत्येक वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा थोडं जास्त, उलट कधीच नाही. पातळ थर हाताला कोरडा लागायला रंगानुसार दोन दिवस ते आठवडा, नाइफने लावलेला जाड थर कित्येक आठवडे ओला राहतो.

निस्तेज डाग म्हणजे वरच्या थरातलं तेल खालच्या थराने शोषलं. गेसो (कॅनव्हासवरचा पांढरा पायाथर) फार शोषक असेल किंवा टर्पेंटाइन जास्त झालं असेल तर हे होतं, आणि अंबरमध्ये, गडद भागात ते जास्त दिसतं. थर कोरडा झाल्यावर त्या भागावर जवसाचं तेल अगदी पातळ चोळा आणि स्वच्छ फडक्याने जवळजवळ सगळं पुसून टाका. रंग परत उघडतो, मगच छटा ठरवा. निस्तेज गडद बघून त्यावर आणखी गडद चढवत गेलात तर वार्निशनंतर ती होडी काळं भोक होते.

खारवारा

एका गोष्टीची भर घालतो, कारण ती दुकानात कोणी सांगत नाही. पांढऱ्याची ट्यूब उलटी करून रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम, पीडब्ल्यू ४ म्हणजे झिंक. नावात टायटॅनियम असूनही अनेक ट्यूबमध्ये दोन्ही असतात. झिंकचा तैलथर काही वर्षांत ठिसूळ होतो, तडकतो, सुटतो. बंदराच्या चित्रात आकाश आणि पाणी मिळून अर्ध्याहून जास्त भागात पांढरा मिसळलेला असतो, तेव्हा इथे शुद्ध पीडब्ल्यू ६ च वापरावा.

करडाकोन

खारवारा, सहमत, पण पूर्ण टाळायची गरज नाही असं मला वाटतं. टायटॅनियम फार झाकतो, धुक्याचा पातळ थर द्यायचा तर तो खडूसारखा दिसतो. तिथे थोडा झिंक बरा पडतो.

खारवारा

त्यासाठी झिंक नको. टायटॅनियमच भरपूर माध्यमात अगदी कमी घ्या आणि मऊ ब्रशने पसरून फडक्याने टिपा. धुकं तसंही मिळतं. ताणलेल्या कॅनव्हासवर मी झिंक सुचवणार नाही. कडक फळीवर धोका कमी असतो, एवढं मान्य.

नाळ_सुकाणू

फोटोवरून काम करणाऱ्यांसाठी: मोबाइल वर किंवा खाली कलवू नका, डोलकाठ्या एकमेकींकडे झुकतात. रुंद कोनाच्या लेन्सने कडेच्या होड्या ताणल्या जातात आणि पॅनोरामात सरळ धक्का वाकतो. सावल्या फोटोत काळ्या होतात, प्रत्यक्षात होडीच्या सावलीच्या बाजूला पाण्यावरून परतलेला प्रकाश असतो, हलत्या उजेडाच्या रेघांसकट. तो जागेवरच नोंदवून ठेवा, फोटोत सापडणार नाही.

सायंछाया

वार्निश कधी?

जवसतेल

पातळ चित्राला सहा महिने, जाड नाइफकाम असेल तर वर्ष. तोपर्यंत प्रदर्शनात द्यायचंच असेल तर रिटच वार्निशचा (तात्पुरत्या, पातळ वार्निशचा) एक पातळ थर. डॅमर (झाडाच्या राळेचं वार्निश) काळाने पिवळं पडतं, त्यामुळे करड्या-निळ्या चित्रावर कृत्रिम राळेचं वार्निश घ्या, अर्धं मॅट. पूर्ण चकचकीत वार्निशमुळे खालचे सगळे गडद भाग खिडकीचं प्रतिबिंब दाखवतात आणि तुम्ही काढलेलं प्रतिबिंब दिसत नाही. चित्र आडवं ठेवून रुंद ब्रशने एका दिशेत लावा, धूळ बसणार नाही अशा खोलीत, आणि दमट हवेत लावू नका, पांढुरकी झाक येते.

पॅलेटनाइफ

जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून टाकू नका, हेही इथेच लिहून ठेवतो. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळ्या हवेत पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका. टर्पेंटाइन वापरताना खिडकी उघडी ठेवा. वापरलेलं टर्पेंटाइन बाटलीत भरून ठेवलं की रंग तळाशी बसतो, वरचं नितळ परत वापरता येतं. तळाचा गाळ मोरीत ओतू नका.